भिंत काटकोनात नसते

(नौपाड्यातल्या एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो,

माझ्या मागे फळ्यावर जो विषय लिहिलाय तो वाचून दचकू नका. ‘लाकूड उद्योगांतील श्रम व स्वयंचलन : एक तुलनात्मक आढावा.’ हे नाव माझं नाही. फोनवर मी ‘लाकूड, हात आणि यंत्र’ असं सांगितलं होतं. कार्यवाहांना ते फारच घरगुती वाटलं असणार. आढावा म्हटला की आपल्याकडे पहिल्या दोन रांगा निर्धास्त डोळे मिटतात. मिटा, हरकत नाही. फक्त घोरणाऱ्यांनी माइकपासून लांब बसावं. (हशा)

मी छत्तीस वर्षं लाकूडकामाच्या यंत्रांत काढली. आधी प्लायवूडच्या कारखान्यात शिफ्ट इंजिनियर, मग यंत्रं विकणारा, आणि शेवटी विकलेली यंत्रं दुरुस्त करणारा. हा क्रम उलटा असता तर विकताना जरा कमी बोललो असतो.

तर आज सॉ मिल, प्लायवूड, एमडीएफ (म्हणजे लाकूड पिंजून, दाबून केलेला बोर्ड) आणि फर्निचर या चार धंद्यांची तुलना करायचं मी कबूल केलंय. कुठे माणसं जास्त, कुठे यंत्रं जास्त, आणि असं का. मला पंचावन्न मिनिटं दिली आहेत. प्रत्येकाला बारा-बारा मिनिटं अशी वाटणी मी घरूनच करून आलोय. पण त्याआधी दोन मिनिटं माझ्या स्वयंपाकघराविषयी.

आमची इमारत इथलीच, १९८४ सालची. जुना कडाप्पा, खाली सिमेंटचे खण, त्यांना फॉर्मायका मारलेली दारं. ती दारं आमच्या वखारीच्या ओळखीतल्या एका सुतारकाकांनी बसवली होती. चाळीस वर्षं टिकली. पण मुलगा आणि सूनबाई पुण्याहून आले, की त्या दारांकडे असं बघायचे जसं आपण एसटीच्या जुन्या तिकिटाकडे बघतो. शेवटी ठरलं, मॉड्युलर किचन करायचं. मी म्हटलं करा, पण कारखाना मी बघणार. छत्तीस वर्षांची सवय आहे. लोक पंढरीला जातात, मी फॅक्टरीत जातो.

कंपनीचं नाव सांगत नाही, विचारू नका. त्यांची एक मुलगी आली, हातात लेझरचं माप घेणारं यंत्र. या भिंतीवरून त्या भिंतीवर लाल ठिपका टाकला, टिक् आवाज आला, झालं. आमच्या सुतारकाकांना मोजायला दुसरा माणूस लागायचा, टेपचं टोक धरायला. बहुतेक वेळा तो माणूस मीच असायचो. पाचव्या मिनिटाला तिने टॅबवर आमचं स्वयंपाकघर दाखवलं. इतकं स्वच्छ की ते आमचं आहे यावर बायकोचा विश्वास बसेना.

मग मी कारखान्यात गेलो. आणि खरं सांगतो, डोळे निवले. आठ बाय चारचे बोर्ड एका बाजूने बीम सॉवर, म्हणजे बोर्ड कापणाऱ्या करवतीच्या यंत्रावर, जातात, संगणकाने आधीच आखून ठेवलेलं असतं की कुठला तुकडा कुठून काढला तर वाया कमी जाईल. प्रत्येक तुकड्यावर बारकोडचं स्टिकर. पुढे एज बँडिंग, म्हणजे कडेला पट्टी चिकटवणारं यंत्र, पट्टी लावतं, कापतं, घासतं, चकचकीत करतं. मग भोकं. जगभर या कपाटांची भोकं एकाच हिशेबाने पाडतात, पाच मिलिमीटरचं भोक, आणि एकापासून दुसरं बत्तीस मिलिमीटरवर. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन लोकांनी ही पद्धत बसवली, आणि आज बिजागरी कुठल्याही देशाची असो, कुठल्याही कपाटाला बसते. तिथे त्या अख्ख्या लाइनवर मला तीन माणसं दिसली. एक बोर्ड चढवणारा, एक उतरवणारा, एक स्टिकर वाचणारा. माझ्या अख्ख्या स्वयंपाकघराचे तुकडे, पंच्याऐंशीच्या आसपास होते, चाळीस मिनिटांत तयार. अचूकपणा किती, तर मिलिमीटरचा दहावा भाग. मी घरी येऊन बायकोला म्हटलं, सुतार संपला.

आता पुढे ऐका.

माल आला. लिफ्टमध्ये मावेना. चौघांनी तो जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढवला. (आपल्याकडे माथाडी कायदा १९६९ पासून आहे. ओझं वाहणाऱ्या माणसाचा कायदा इतका जुना असलेलं राज्य दुसरं क्वचित. पण तिसऱ्या मजल्यावर बोर्ड चढवणारं यंत्र मी अजून विकलेलं नाही.) मग फिटर आला. चोवीस वर्षांचा मुलगा, उत्तर प्रदेशातल्या गोंड्याचा. पिशवीत ड्रिल, जिगसॉ, आणि एक लाकडी रंधा. मी रंधा बघून हसलो. म्हटलं, ‘इसका क्या काम? सब मशीन का है.’ तो काही बोलला नाही. त्याने पहिलं कपाट भिंतीला लावलं, गुण्या टेकवला, आणि म्हणाला, ‘अंकल, दीवार टेढ़ी है.’

मी चाळीस वर्षं त्या भिंतीला पाठ टेकून चहा पितोय. मला तिचा वाकडेपणा कधी कळला नव्हता. मोजलं तर कोपरा नव्वदचा नाही, एक्क्याण्णव अंशांचा निघाला. एक अंश म्हणजे काय मोठंसं, असं तुम्हाला वाटेल. सहा फूट लांबीला एक अंश म्हणजे जवळजवळ बत्तीस मिलिमीटर. सव्वा इंच! कारखाना मिलिमीटरचा दहावा भाग सांभाळून पाठवतोय, आणि १९८४ च्या गवंड्याने मला सव्वा इंच भेट दिलाय. लेझरने लांबी बरोबर मोजली होती. भिंत सरळ आहे का, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मग त्या मुलाने काय केलं, ते मला शब्दांत सांगता आलं तर या व्याख्यानाचं सार्थक होईल. त्याने एक रुंद पट्टी कपाटाच्या कडेला उभी धरली. वाया गेलेल्या प्लायचा दोन बोटं रुंद तुकडा घेतला, एका कडेला पेन्सिल टेकवली, दुसरी कड भिंतीला लावली आणि वरून खाली ओढत नेला. भिंतीचा जो काही फुगलेला, दबलेला चेहरा होता तो जसाच्या तसा पट्टीवर उतरला. त्या रेघेवर जिगसॉ चालवला. मग तो रंधा काढला. दोन हात मारायचा, पट्टी भिंतीला लावून बघायचा, डोळा मिटून उजेड दिसतोय का बघायचा, परत दोन हात. शेवटी ती पट्टी भिंतीला अशी चिकटली की पोस्टकार्ड शिरेना. मी घालून बघितलं.

चार दिवस लागले. सोसायटीचा नियम आहे, ठोकाठोकी दहा ते एक आणि चार ते सहा. खालच्या मजल्यावरच्या आजी घड्याळ घेऊन जिन्यात उभ्या असायच्या. (हशा) कारखान्यात चाळीस मिनिटं, माझ्या घरात चार दिवस. हे दोन आकडे लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

आता माझी तक्रार. बिल आलं. त्यात बोर्ड किती चौरस फूट, बिजागऱ्या किती, सॉफ्ट क्लोज किती, सगळं ओळीने. आणि अगदी खाली, जीएसटीच्या वर, एक ओळ, ‘इन्स्टॉलेशन.’ एकूण रकमेच्या मानाने चिल्लर. त्या मुलाला विचारलं, तुला काय मिळतं? म्हणाला, नऊशे रोज. ठेकेदाराकडून. जिथे काम खरोखर अडलं आणि सुटलं तिथे बिलाची एक ओळ, आणि जिथे ते कुणीही न बघता आपोआप झालं तिथे तीन पानं. मी कंपनीला फोन केला, म्हटलं तुमचा कोपऱ्याचा आराखडा चुकला होता. समोरची व्यक्ती म्हणाली, सर, आराखडा बरोबर आहे, तुमची भिंत चुकली आहे.

...हो अध्यक्ष महाराज, बघितलं मी घड्याळ. दोन मिनिटांची वीस झाली. पण विषय सुरू झालाय, आढावा फक्त मागे राहिलाय.

हे मी का सांगितलं, तर माझा एक जुना हट्ट आहे आणि तो मांडायला मला दुसरी जागा मिळत नाही. घरी कुणी ऐकत नाही. सगळे म्हणतात, मजुरी महाग झाली की यंत्र येतं. अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणतात, वर्तमानपत्रं म्हणतात. पोलाद, प्लॅस्टिक, कापड, यांच्या बाबतीत ते पुष्कळसं बरोबरही असेल. लाकडाच्या बाबतीत ते निम्मं खरं आहे. लाकडात यंत्राचं वैर माणसाशी नसतं, गाठीशी असतं. गाठ, रेषा, वाक, ओल. पोलादाच्या दोन पट्ट्या सारख्या असतात. सागाच्या एकाच ओंडक्यातून निघालेल्या दोन फळ्या सख्ख्या भावांसारख्या असतात, म्हणजे अजिबात सारख्या नसतात. आणि त्या बदलतही राहतात. तुमच्या घरातलं बाथरूमचं दार जुलैत घासतं आणि मार्चमध्ये वाजतं, ते काही बिजागरीमुळे नाही. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने ओल पिऊन फुगतं, लांबीत जवळजवळ फुगत नाही. जुन्या सुतारांच्या दाराच्या चौकटीत दिलहा, म्हणजे मधली फळी, खाचेत नुसता बसवलेला असायचा, डिंक न लावता, का? त्याला श्वास घ्यायला जागा. हे पाठ्यपुस्तक वाचून केलेलं नव्हतं. बाराच्या बारा बलुतेदारांत ज्याला पावसाळा हातात धरून बघावा लागायचा तो सुतारच. शेतकरी तर आकाशात बघायचा.

तर लाकडात यंत्र घुसवायचं असेल तर दोनच वाटा. एक, गाठ नसलेलं लाकूड निवडायचं. दोन, लाकडाला इतकं बारीक फोडायचं की त्याला आपण झाड होतो हे आठवूच नये.

पहिल्या वाटेची गोष्ट पोर्टस्मथची. इंग्लंडच्या आरमाराला शिडांच्या दोऱ्यांसाठी लाकडी कप्प्या लागायच्या. एका मोठ्या युद्धनौकेला हजारभर. नेपोलियनशी लढाई चालू, वर्षाला लाखभर कप्प्या हव्यात. त्या हाताने बनायच्या. तिथे सॅम्युएल बेंथॅम नावाचा अधिकारी होता, तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅमचा भाऊ. त्याने मार्क ब्रुनेलची कल्पना उचलून धरली, आणि हेन्री मॉड्स्लेने ब्रुनेलची यंत्रं घडवली. हा ब्रुनेल म्हणजे पुढे ग्रेट वेस्टर्न रेल्वे बांधणाऱ्या ब्रुनेलचा बाप. पंचेचाळीस यंत्रं, वाफेवर चालणारी. १८०८ साली तिथे १,३०,००० कप्प्या निघाल्या, आणि एकशे दहा कसबी कारागिरांचं काम दहा साधे मजूर करायला लागले, असं लिहून ठेवलंय. आपण समजतो की एकापुढे एक यंत्रं लावून थोक माल काढणं हे बंदुका, घड्याळं, मोटारी यांतून आलं. जगातला तसा अगदी पहिल्यांपैकी एक कारखाना लाकडाचा होता. आमच्या जातीचा! पण ते का जमलं? कप्पी लहान, सगळ्यांची घडण एकच, बाहेरचा ठोकळा एल्मचा, जो सहज फाटत नाही. निवडलेलं लाकूड.

आणि त्याच सुमारास, १८१७ साली, आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांच्या देखरेखीखाली ‘ट्रिंकोमाली’ नावाची युद्धनौका पाण्यात सोडली. मलबारी सागाची. फासळीला हवा तो बाक झाडाच्या वाढीतच शोधायचा, वाकडं लाकूड वाकड्या जागी बसवायचं. हे काम पूर्ण हाताचं. ती नौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतेय. एकाच आरमाराच्या जहाजाच्या कप्प्या यंत्राने होत होत्या आणि सांगाडा वाकसाने. मजुरी हे कारण थोडंफार असेलच, मुंबईचा सुतार स्वस्त होता. पण पोर्टस्मथमध्येसुद्धा सांगाडा हातानेच होत होता की! तिथला सुतार काही स्वस्त नव्हता.

आता जवळ या, अंबरनाथला. रिक्षावाल्याला विम्को नाका म्हटलं की तो पुढे काही विचारत नाही. विम्को म्हणजे वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, १९२० च्या दशकात स्वीडनच्या काडेपेटीवाल्यांनी काढलेली. काडी ही लाकडाची सगळ्यात नम्र वस्तू. सावरीसारखं मऊ, सरळ रेषेचं लाकूड घ्यायचं, ओंडका फिरवत त्याची साल काढल्यासारखा पातळ पत्रा सोलायचा, त्याचे तुकडे, म्हणजे काड्या. मेण, गूल, पेटी, सगळं यंत्रावर. मग सांगा, काडी जर यंत्राला इतकी मानवते, तर देशभरातल्या काडेपेट्या अंबरनाथहून का नाही आल्या? शिवकाशीहून का आल्या?

शिवकाशीला तेव्हा दुष्काळ आणि बेकारी. अय्या नाडर आणि षण्मुग नाडर कलकत्त्याला जाऊन काडेपेटी करायला शिकून आले. सगळं हाताने. लाकडी चौकटीत काड्या खोचायच्या आणि गुलात बुडवायच्या. हे यंत्रापुढे दोन वर्षांत झोपायला हवं होतं. नाही झोपलं, कारण सरकारने हाताच्या काडेपेटीवर उत्पादन शुल्क कमी ठेवलं आणि यांत्रिक कारखान्याच्या पेटीवर जास्त. म्हणजे माझ्या गाठीच्या नियमाला इथे दिल्लीने गाठ मारली. हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. यंत्र शिरायला गाठ नसली तरी करांची पावती आडवी येऊ शकते. आणि ते हात कुणाचे होते हेही सांगितलं पाहिजे. त्यांत लहान मुलांचे हात पुष्कळ होते. १० डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने शिवकाशीच्या खटल्यात बालमजुरीवर निकाल दिला. हातकाम म्हटलं की आपण फार हळवे होतो. कुणाचा हात, किती वर्षांचा, हे आधी विचारावं. पेटी एक रुपयाची दोन रुपयांना झाली ती २०२१ च्या डिसेंबरात, चौदा वर्षांनी. चौदा वर्षं भाव न वाढलेली दुसरी वस्तू या सभागृहात फक्त वक्त्याचं मानधन. (हशा)

आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात, १२ डिसेंबर १९९६ ला, त्याच न्यायालयाने जंगलतोडीबद्दलच्या गोदावर्मन खटल्यात आदेश दिला, आणि अरुणाचल-आसामच्या मोठ्या भागातल्या सॉ मिल, व्हीनियरचे, म्हणजे लाकडाच्या पातळ पत्र्याचे, आणि प्लायवूडचे कारखाने बंद झाले. त्यावरून मी प्लायवूडकडे येणारच होतो...

...चिठ्ठी आली. ‘कृपया दहा मिनिटांत आवरावे.’ बरं. चार धंदे, दहा मिनिटं. पळा माझ्याबरोबर.

सॉ मिल. ओंडका अख्खा असतो, गाठ आत लपलेली. आपल्या वखारीत ओंडका ट्रॉलीवर चढतो, बँड सॉसमोर, म्हणजे पट्ट्याच्या करवतीसमोर, मिस्त्री उभा असतो. ओंडका कुठल्या अंगाने चिरायचा ते तो ठरवतो, आणि नफा त्या एका क्षणात होतो किंवा जातो. बाकीचे चार-पाच जण ढकलणारे, उचलणारे. फिनलंड-स्वीडनमध्ये तेच काम काचेच्या खोलीत बसलेला एक माणूस पडद्यावर बघतो, कारण ओंडक्याचा आधी एक्स-रे निघतो. दवाखान्यात आपला काढतात तसा. गाठ कुठे आहे ते संगणकाला चिरण्याआधी कळतं. पण हे परवडतं कशामुळे? तिथे पाइन आणि स्प्रूस, मैलोन्‌मैल एकच जात, सरळसोट. आपल्या वखारीत सकाळी साग, दुपारी बाभूळ, संध्याकाळी कुणाच्या तरी वाड्यातला पडलेला आंबा, त्यात खिळा. एक्स-रे चालेल हो, पण तीन माणसांचा पगार वाचवायला कोट्यवधींचं यंत्र कोण घेणार? इथे मजुरीवाल्यांचा मुद्दा मला मान्य. अर्धा.

प्लायवूड. इथे लाकूड सोलून पत्रा केलेला असतो, म्हणजे निम्मं विसरलेलं. सोलायला यंत्र, दाबायला हॉट प्रेस, घासायला सँडर. मधे मात्र माणसंच माणसं. १९९६ च्या आदेशानंतर जंगलातले जाडजूड ओंडके बंद झाले आणि धंदा शेतातल्या पॉपलर आणि निलगिरीवर आला. हरियाणातलं यमुनानगर त्यातूनच फुगलं. तो पॉपलर शेतकऱ्यांच्या बांधावर लावायला कुणी शिकवलं? इतरांबरोबर आपल्या विम्कोनेच, काड्यांसाठी! सहा-आठ वर्षांत तोडलेलं बारीक झाड. जाड ओंडक्यातून लांबरुंद अखंड पत्रा निघतो, बारक्यातून तुकडे निघतात. ते तुकडे अंगणात उन्हात वाळत घालायचे, उलटायचे, गोळा करायचे, फट न ठेवता आणि एकावर एक न चढू देता मांडायचे. ते हाताने. म्हणजे झाड बारीक झालं आणि हात वाढले. मजुरी तीच, यंत्रं जवळपास तीच. केरळात पेरुंबावूरला रबराच्या लाकडावर हेच चालतं, हात आसाम-बंगालच्या पोरांचे. तुमच्या पलंगाच्या प्लायमध्ये पोकळी निघाली तर ती मांडताना राहिलेली फट असते. दुकानदार मात्र वाळवीला दोष देतो.

एमडीएफ. इथे लाकडाचा पूर्ण स्मृतिभ्रंश. लाकडाच्या चिपा वाफेवर शिजवायच्या, दोन चकत्यांमध्ये दळायच्या, की कापूस पिंजल्यासारखे तंतू होतात. त्यांत राळ, मग गरम हवेच्या नळीतून वाळवण, मग गादी पसरायची आणि चाळीस-पन्नास मीटर लांबीच्या प्रेसमधून न थांबता दाबत न्यायची. एका टोकाला धुनक्याचा कापूस, दुसऱ्या टोकाला पाटी. गाठ गेली, रेषा गेली, उलटं-सुलटं गेलं. माणसं कंट्रोल रूममध्ये. हाताला काम कुठे? चिपांच्या ढिगाशी, आणि ट्रकपाशी. माझं स्वयंपाकघर चाळीस मिनिटांत झालं ते या बोर्डामुळे. कारखान्यातलं यंत्र हुशार होतं म्हणून नव्हे, बोर्ड आज्ञाधारक होता म्हणून.

फर्निचर. १८५९ साली व्हिएन्नाच्या थोनेटने चौदा नंबरची खुर्ची काढली. आपल्या इराण्याकडे बसलात ना, त्याच घराण्यातली. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. मोडून ठेवलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावायच्या. बीचच्या दांड्या वाफेवर मऊ करून पोलादी पट्टीसकट साच्यात वाकवायच्या, थंड व्हायच्या आत. वाकवणारी माणसंच होती, बैठकीचं वेत विणणाऱ्या बायका होत्या. जोडणारा शेवटी गिऱ्हाइकाच्या गावी. २०२० च्या डिसेंबरात तुर्भ्याला आयकिया उघडलं तेव्हा लोक म्हणाले काय नवीन कल्पना आहे, आपण स्वतः जोडायचं. मी म्हटलं, दीडशे वर्षं जुनी आहे, फक्त आता फुकट मजूर तुम्ही आहात.

आणि एक राहिलं, पॅकिंग. न्हावाशेवा बंदरातून जाणाऱ्या मालाखालचे पॅलेट, म्हणजे फळ्या ठोकून केलेले लाकडी पाट. नियम असा की लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश तापमान सलग तीस मिनिटं राहिलं पाहिजे, किडी मराव्यात म्हणून, मग त्यावर लोंबीची खूण असलेला शिक्का. भट्टीला तापमान नोंदणारं यंत्र असतं, खिळे मात्र तळोजा-तुर्भ्याला पुष्कळ ठिकाणी अजून हातानेच ठोकतात. परदेशात खिळे ठोकायला अख्खी लाइन असते. इथे गाठ नाही, कायदा नाही, सरळसरळ मजुरी. माझा नियम इथे सपशेल पडतो. लिहून घ्या, विरोधकांना उपयोगी पडेल.

धुळीबद्दल दोन वाक्यं बोलू द्या, मग बसतो. लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली कर्करोगाचं निश्चित कारण ठरवलं. मोठ्या कारखान्यात भुसा ओढायला पाइप असतात, आणि आपल्या हॉलमध्ये एमडीएफ कापणारा मुलगा तोंडाला रुमाल बांधतो. यंत्र कुठे आलं याच्या याद्या करताना धूळ ओढायचं यंत्र कुठे आलं तेही कुणीतरी मोजावं. मी मोजलेलं नाही. माझं आयुष्य कापणारी यंत्रं विकण्यात गेलं. त्यांच्याबरोबर धूळ ओढणारं यंत्र ‘ऐच्छिक’ म्हणून कोटेशनच्या शेवटच्या पानावर असायचं, आणि गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की सगळ्यात आधी तेच मी कापायचो.

...हो, उठतोच आहे. चहा आलाय तो मला इथून दिसतोय.

फक्त एक सूचना. मागे वाशीला हेच बोललो होतो, तेव्हा खाली उतरल्याबरोबर पाच जणांनी घेरलं. मला वाटलं पॉपलरबद्दल प्रश्न असतील. पाचही जणांना त्या फिटरचा नंबर हवा होता. आज आधीच सांगतो, तो गावी गेलाय, बहिणीचं लग्न आहे, आणि परत कधी येणार ते नक्की नाही. आला तरी तुमचा नंबर दुसरा. आमच्या पोटमाळ्याचं एक दार अजून बसायचंय, आणि तिकडची भिंत, मी गुण्या लावून बघितला, एकोणनव्वद अंशांची आहे.